प्लॅटिनमची सहा नाणी, साडेतीन वर्षं

3 जुलै 2025, गुरुवार. दुपारी सव्वाबाराला टपालखात्याच्या माणसाने सही घेतली आणि तळहातावर मावेल एवढं खोकं हातात दिलं. 2014चं नाणं. संच पूर्ण झाला. जानेवारी 2022मध्ये सुरुवात केली तेव्हा हे काम वर्षभरात उरकेल असं मी धरून चालले होते. मराठीत या विषयावर मला तेव्हा काहीच सापडलं नव्हतं. इंग्रजीत जे होतं ते आधीपासून सगळं ठाऊक असलेल्यांसाठी लिहिलेलं. म्हणून वहीतल्या नोंदी काढून जसं घडलं तसं इथे उतरवते आहे.

आधी हा संच कोणता ते सांगते. अमेरिकेची टांकसाळ 1997पासून 'प्लॅटिनम ईगल' नावाची नाणी काढते. धातू 0.9995 शुद्ध, मोठ्या नाण्याचं वजन एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, अंकित किंमत 100 डॉलर. पूर्वी अर्धा, पाव आणि एक दशांश औंसाचीही नाणी निघत, ती 2008नंतर बंद झाली. यातली प्रूफ नाणी, म्हणजे संग्राहकांसाठी खास पद्धतीने पाडलेली, वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीत पाडतात आणि त्यांच्यावर बारीक 'डब्ल्यू' असतो. 2009 ते 2014 या सहा वर्षांत प्रूफ नाण्यांच्या मागच्या बाजूला अमेरिकी संविधानाच्या उद्देशिकेतलं एकेक उद्दिष्ट घेतलं गेलं: अधिक परिपूर्ण संघ, न्याय, अंतर्गत शांतता, संरक्षण, लोककल्याण आणि शेवटी स्वातंत्र्याचं वरदान. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी टांकसाळीच्या विनंतीवरून या सहा विषयांवर टिपणं लिहून दिली होती. छाप्याची बाजू मात्र सहाही नाण्यांवर एकच, जॉन मर्कांटी यांची स्वातंत्र्यदेवी.

मी रसायनशास्त्रज्ञ. न्यू जर्सीत औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. प्लॅटिनम मला रोजच्या ओळखीचं, पण ते उत्प्रेरकाच्या रूपात. प्लॅटिनम ऑक्साइडची तपकिरी भुकटी, जपून तोलायची, काम झालं की गाळून वेगळ्या डब्यात साठवायची, कारण ती धातू काढून घेण्यासाठी परत जाते. वीस वर्षं ही भुकटी हाताळली, पण या धातूचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता.

तो 16 जानेवारी 2022च्या रविवारी दिसला. घरापासून अर्ध्या तासावर एका चर्चच्या हॉलमध्ये छोटा नाणेमेळा भरतो. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी जुने सेंट बघायला गेलो होतो. एका टेबलावर काळ्या मखमलीत 2010चं नाणं ठेवलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता, हातात तराजू. नाण्याची मोकळी जागा इतकी आरशासारखी की तिच्यात मला छताचा पंखा दिसला, आणि त्या आरशावर आकृती मात्र दव पडल्यासारखी पांढुरकी. खाली लिहिलेलं: न्याय स्थापन करण्यासाठी.

सांगलीला आमच्या शाळेत उद्देशिका पाठ करून घेतलेली. बाबा तिला अजून 'सरनामा'च म्हणतात. 'सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय' हे शब्द त्या टेबलापाशी आपोआप तोंडात आले. मुलगी म्हणाली, "आई, काय पुटपुटतेस?" मी तिला तिथेच दोन्ही देशांच्या उद्देशिका 'आम्ही लोक' अशाच सुरू होतात हे सांगितलं. त्या दिवशी काही घेतलं नाही. तेवढे पैसे घेऊन गेलेही नव्हते. पण घरी येऊन रात्री एकपर्यंत वाचत बसले.

वाचलं त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट ही: प्रूफ हा दर्जा नाही, ती नाणं पाडण्याची पद्धत आहे. चकत्या खास घासून चमकवतात, ठसेही चमकवलेले असतात, आणि एकाच चकतीवर जास्त दाबाने एकापेक्षा अधिक वेळा ठसा मारतात. म्हणून बारीकसारीक रेषाही ठसठशीत उमटतात. आकृतीवरचा तो दवासारखा थर आणि भोवतीचा आरसा यांच्यातल्या विरोधाला इथे 'कॅमिओ' म्हणतात, फार ठळक असला तर 'डीप कॅमिओ'. प्रूफ नाणं खराब झालं तरी ते प्रूफच राहतं. त्यामुळे विक्रेता नुसतं 'प्रूफ आहे' म्हणाला तर नाणं चांगलं आहे असं तो म्हणत नाहीये, हे मनात पक्कं ठेवायचं.

12 फेब्रुवारीला त्याच विक्रेत्याच्या दुकानात जाऊन 2010चं नाणं घेतलं. 1,290 डॉलर. धातूचा भाव तेव्हा हजाराच्या थोडा वर होता. कार्डाने दिले तर साडेतीन टक्के जास्त, म्हणून धनादेश दिला. धनादेश वटेपर्यंत आठ दिवस नाणं दुकानातच राहिलं. ते खऱ्या प्लॅटिनमचं आहे कशावरून, हे मी स्पष्ट विचारलं आणि त्याला राग आला नाही. त्याच्याकडे प्लास्टिकच्या कॅप्सूलबाहेरूनच धातूची विद्युतवाहकता तपासणारं यंत्र होतं, त्यावर नाणं ठेवून दाखवलं. प्लॅटिनमची घनता 21.45, म्हणजे चांदीच्या दुपटीहून जास्त, आणि ती हाताला ताबडतोब कळते. प्रयोगशाळेतल्यासारखी पाण्यात बुडवून घनता काढायची सवय असेल तर ती इथे आवरा. प्रूफ नाणं कॅप्सूलबाहेर काढायचंच नाही. व्यास 32.7 मिलिमीटर आणि जाडी 2.39 मिलिमीटर हे आकडे मात्र लिहून ठेवा, उपयोगी पडतात.

त्याच संध्याकाळी आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पांढरं सोनं म्हणतात ते हेच का गं?" नाही. पांढरं सोनं म्हणजे सोन्यातच पॅलेडियम किंवा निकेल मिसळून केलेला मिश्रधातू. प्लॅटिनम हा सोन्यापेक्षाही जड असा स्वतंत्र धातू. भारतात दागिन्यांसाठी जे प्लॅटिनम मिळतं त्यात शंभरात पंचाण्णव भाग प्लॅटिनम असतं, नाण्यात जवळपास सगळंच. आई म्हणाली, "मग दसऱ्याला सोनंच घेतलं असतंस तर गरजेला मोडता तरी आलं असतं." तिचं म्हणणं खरं आहे हे मी शेवटी सांगणारच आहे.

दुसरं नाणं घेताना चूक झाली. 2009चं नाणं, चार चेहरे आणि एकमेकांत विणलेले त्यांचे केस आणि वस्त्रं, अधिक परिपूर्ण संघाचं चित्र. सुझन गॅम्बल यांचं रेखाटन. सहांपैकी मला हे सगळ्यात आवडतं. ऑनलाइन लिलावात 20 मार्चच्या रात्री 1,265 डॉलरला मिळालं. फोटो सुरेख होते. 26 मार्चला हातात आलं, टेबलावरच्या एका दिव्याखाली तिरकं धरलं आणि आरशाच्या भागावर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं दिसलं. कुणीतरी ते कॅप्सूलमधून काढून कापडाने पुसलं होतं. शुद्ध प्लॅटिनम मऊ असतं. एकदा पुसलं की संपलं.

मला त्या क्षणी बाबांची पत्र्याची डबी आठवली. तिच्यात भोकाचे पैसे आहेत, जुने आणे आहेत, आणि बाबा दर दिवाळीला ते चिंचेने घासून लखलखीत करतात. आमच्या घरात वस्तूवर माया करायची म्हणजे ती घासायची. तांब्याचा बंब, पितळी समई, नाणी, सगळं एकाच मायेने घासलेलं. या नाण्याच्या आधीच्या मालकानेही ते मायेनेच पुसलं असेल. पण नाण्याच्या बाबतीत हे कायमचं नुकसान आहे, आणि कोणत्याही नाण्याला, अगदी बाबांच्या भोकाच्या पैशालाही, हे लागू आहे. बाबांना मी हे फोनवर हळूच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं, आता नाही घासणार."

नाणं परत पाठवणं सोपं गेलं नाही. विक्रेता म्हणाला, रेघा तुम्हीच पाडल्या असतील. माझ्याकडे खोकं उघडतानाचं चित्रीकरण नव्हतं. लिलावाच्या मंचाकडे तक्रार नोंदवली. त्यांनी तीनदा वेगवेगळे फोटो मागितले, दर खेपेला आधीचे मिळालेच नाहीत असं लिहून. 9 मेला पैसे परत आले, म्हणजे 44 दिवसांनी. परतीचं विमा उतरवलेलं टपाल, 41 डॉलर, माझ्याच खिशातून. त्या दीड महिन्यात मला धड झोप लागत नव्हती. 1,265 डॉलर ही आमच्या घरात लहान रक्कम नाही, आणि नवऱ्याने एका शब्दाने बोल लावला नाही याचंच जास्त ओझं वाटत होतं.

त्यानंतर एक नियम ठरवला आणि एकाही खोक्याला तो सोडलेला नाही: फोन उभा करून ठेवायचा, पत्त्याची चिठ्ठी दिसेल अशी चित्रफीत सुरू करायची, मगच कात्री लावायची. घेण्याआधी विक्रेत्याकडून एका दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवतानाची चित्रफीत मागायची. सरळ समोरून काढलेल्या फोटोत रेघा दिसत नाहीत. चित्रफीत द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घ्यायचं नाही. पाचपट भिंग पुरतं. भिंग आणि दिवा मिळून मला 34 डॉलर पडले.

जूनमध्ये दुसरं 2009 मिळालं, 1,340 डॉलरला, चित्रफीत पाहून. स्वच्छ. टांकसाळीची मूळ पेटी आणि प्रमाणपत्रासह. पेटी आणि प्रमाणपत्र नसेल तर भाव कमी करून मागावा. ती नंतर वेगळी मिळवायला वेळ जातो.

सप्टेंबर 2022च्या सुरुवातीला धातूचा भाव 850 डॉलरच्या आसपास आला होता. ऑक्टोबरमध्ये एकाच व्यापाऱ्याकडून 2011 आणि 2012ची नाणी घेतली, 1,180 आणि 1,195. गव्हाच्या शेतातून वर येणारी सुगीची देवी, आणि स्वातंत्र्ययुद्धातला बंदूकधारी शेतकरी-सैनिक. ही खरेदी इतकी सुरळीत झाली की वहीत चारच ओळी आहेत. अडचण आली ती टपालाची. प्रौढ माणसाच्या सहीशिवाय देत नाहीत, आम्ही दोघंही कामावर. तिसऱ्या दिवशी टपाल कार्यालयात ओळखपत्र घेऊन गेले तर ओळखपत्रावर 'कुलकर्णी' आणि पाकिटावर माझं माहेरचं आडनाव. पोस्टमास्तरबाईंनी लग्नाचा दाखला मागितला. घरी जाऊन, दाखला आणून, पाच वाजायला दहा मिनिटं असताना ताबा मिळाला. ऑर्डरवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं ठेवा.

चार नाणी झाल्यावर दर्जा ठरवून घेण्याचा विचार आला. अमेरिकेत दोन मोठ्या संस्था नाणी तपासून 1 ते 70 या मोजपट्टीवर आकडा देतात आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करून पाठवतात. 70 म्हणजे पाचपट भिंगातूनही दोष न दिसणारं. आधुनिक प्रूफ नाण्यांना बहुधा 69 किंवा 70 मिळतो, आणि त्या एका आकड्यावर भावात बराच फरक पडतो. माझं लाडकं 2009 पाठवायचं ठरवलं. सदस्यत्व घेण्याऐवजी अधिकृत व्यापाऱ्यामार्फत अर्ज भरला. अर्जात नाण्याची जाहीर किंमत स्वतः लिहावी लागते आणि शुल्काचा गट आणि परतीच्या टपालाचा विमा त्यावरच ठरतो. कमी लिहिली तर शुल्क वाचतं, पण वाटेत हरवलं तर भरपाईही तेवढीच. मी खरी किंमत लिहिली.

व्यापाऱ्याचं दुकान दुसऱ्या राज्यात, म्हणून त्याच्यापर्यंत नाणं नोंदणीकृत टपालाने पाठवायचं होतं. हे टपाल हळू चालतं, पण प्रत्येक टप्प्यावर कुणाच्या तरी ताब्याची सही होते आणि 50,000 डॉलरपर्यंत विमा उतरवता येतो. 9 जानेवारी 2023ला खिडकीपाशी गेले. खिडकीवरच्या बाईंनी खोक्याकडे पाहिलं आणि परत सरकवलं. मी प्लास्टिकची चिकटपट्टी लावली होती. नोंदणीकृत टपालाला कागदी पट्टीच लागते, कारण प्रत्येक जोडावर टपालाचा शिक्का मारतात आणि शाई कागदात मुरली पाहिजे. पट्टी कुणी उचलली तर शिक्का तुटलेला दिसतो. घरी येऊन, पाण्याने चिकटणारी तपकिरी कागदी पट्टी आणून, खोकं पुन्हा बांधलं आणि 10 तारखेला गेलं. शुल्क, टपाल, विमा, सगळं मिळून 118 डॉलर.

नाणं 70 दिवसांनी परत आलं, 21 मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी. मधल्या काळात संकेतस्थळावर सहा आठवडे 'प्राप्त' एवढाच शब्द दिसत होता. घाबरू नका, तो तसाच राहतो. आकडा आला प्रूफ 69, डीप कॅमिओ.

मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाल्यावर मी भिंग घेऊन बसले आणि तो एक गुण कुठे गेला ते शोधत राहिले. अर्धा तास शोधलं. सापडलं काहीच नाही. पण त्या अर्ध्या तासात चार चेहऱ्यांपैकी एकीच्या बटेतली प्रत्येक रेघ पाहिली, आणि कडेजवळचा तो चिमुकला गरुडही. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत सापडलेल्या जुन्या ठशावरून तो घेतलाय आणि सहाही नाण्यांवर आहे. नऊ महिने नाणं माझं असून मी तो नीट बघितलाच नव्हता. उरलेली नाणी मी पाठवली नाहीत. विकायचं असेल, किंवा अस्सलपणाबद्दल शंका असेल, तर जरूर पाठवा. मला जवळ ठेवायची आहेत आणि मूळ पेटीतून काढून ती पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद करावीत असं वाटत नाही.

विम्याचं लक्षात आलं ते अपघातानेच. मार्चमध्ये घराच्या पॉलिसीचं नूतनीकरण होतं, म्हणून बारीक अक्षरं वाचली. नाणी आणि मौल्यवान धातू यांच्या चोरीसाठी भरपाईची मर्यादा 200 डॉलर. घरात पाच हजारांची नाणी कपाटात मोज्यांच्या खणात होती! दुसऱ्या दिवशी बँकेत लॉकरसाठी अर्ज केला, लहान लॉकर वर्षाला 85 डॉलर. इथे आणखी एक समज असतो तो दूर करते. बँकेतल्या ठेवींना जो सरकारी विमा असतो तो लॉकरमधल्या वस्तूंना नसतो. म्हणून ऑगस्टमध्ये वेगळी पुरवणी पॉलिसी घेतली, वर्षाला 70 डॉलर. त्यासाठी प्रत्येक नाण्याची पावती, दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन असा तक्ता करून द्यावा लागला. लॉकरमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवते आणि वर्षातून दोनदा बदलते. नाणी कधीही मऊ, लवचीक प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून हळूहळू चिकट हिरवट थर सुटतो. प्लॅटिनम गंजत नसलं तरी तो थर आरशावर बसतोच, आणि पुसता तर येत नाही.

आता राहिली दोन, 2013 आणि 2014. या वर्षांची नाणी कमी विकली गेली, त्यामुळे आज बाजारातही कमी येतात. नोव्हेंबर 2023च्या एका शनिवारी बाल्टिमोरच्या नाणेमेळ्याला गेलो. चर्चच्या हॉलची सवय असलेल्याला ते दालन पाहून छातीत धस्स होतं, इतकी टेबलं. माझा सल्ला: आत शिरल्या शिरल्या विकत घेऊ नका. एक फेरी नुसती भाव लिहीत मारा. मला 2013 तीन टेबलांवर दिसलं, 1,525, 1,610 आणि 1,790. दातेरी चाकांतून लोककल्याण दाखवणारं नाणं. विशेष म्हणजे सगळ्यात स्वस्त होतं तेच सगळ्यात स्वच्छही होतं. म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी आपला स्वतःचा दिवा माझ्याकडे वळवून दिला आणि म्हणाले, हवा तेवढा वेळ घ्या. पेट्रोल, पार्किंग आणि प्रवेश मिळून 96 डॉलर खर्च आला.

2014ला मात्र दीड वर्ष लागलं. पहिली ऑर्डर मार्च 2024मध्ये दिली, आठवड्याने 'माल शिल्लक नाही' म्हणून रद्द झाली. सप्टेंबरमध्ये दुसरी दिली. खोकं उघडलं, चित्रफीत चालू होतीच, आणि आत उगवत्या सूर्यावरून उडणारा गरुड. म्हणजे साधं, गुंतवणुकीसाठी काढलेलं नाणं. हा घोळ नेमका 2014लाच का होतो ते पुढे समजलं. 2009 ते 2013 या काळात टांकसाळीने साधी प्लॅटिनम नाणी पाडलीच नव्हती, त्यामुळे त्या वर्षांचं एक औंसाचं नाणं म्हणजे प्रूफच. 2014मध्ये साधी नाणी पुन्हा सुरू झाली, जुन्याच गरुडासह. छाप्याच्या बाजूने दोन्हींवर तीच देवी, तेच साल. ओळखायचं कसं? 'डब्ल्यू' बघा, साध्या नाण्यावर तो नसतो. आणि मागच्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय 2014 घेऊच नका. या वेळी पैसे नऊ दिवसांत परत आले. चित्रफितीमुळे वाद झाला नाही.

या थांब्यात कुणी सुचवलं की नवीन नाणी थेट टांकसाळीकडून घे. तेही पाहिलं. विक्री पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी बाराला उघडते, आणि किंमत धातूच्या आठवड्याच्या सरासरीप्रमाणे तक्त्यावरून ठरते, दर बुधवारी बदलू शकते. म्हणजे बाजारभाव घसरत असेल तर बुधवारपर्यंत थांबावं, चढत असेल तर आधी घ्यावं. नवशिक्याला हा रस्ता सर्वात सुरक्षित. पण माझी उद्देशिका 2014ला संपते.

2 जून 2025, सोमवार. टेक्सासच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. माझं नाव त्याच्या प्रतीक्षा यादीत होतं. 2014, पेटी आणि प्रमाणपत्रासह, 1,830 डॉलर, भाव चोवीस तास बांधून देतो म्हणाला. मी चित्रफीत मागितली. त्याचा कॅमेरा चालवणारा मुलगा रजेवर होता, चित्रफीत आली मंगळवारी, 10 जूनला. आणि नेमक्या त्या आठवड्यात प्लॅटिनम उसळलं. मेअखेरीस 1,050च्या आसपास असलेला भाव 1,200च्या वर गेला. 11 तारखेला नवी किंमत 1,980.

दीडशे डॉलर एका चित्रफितीपायी गेले. त्या रात्री स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघांनी हिशेब मांडला. भाव उतरेल म्हणून थांबायचं, की घ्यायचं? नवरा म्हणाला, "पुसलेलं नाणं आलं होतं तेव्हाचे तुझे दीड महिने मी पाहिलेत. चित्रफीत बघून घेतेयस ना? मग घे." दुसऱ्या दिवशी बँकेतून तारेने पैसे पाठवले. जून संपता संपता भाव 1,300च्याही वर गेला. पण जर थांबले असते तर उतरलाही असता. यातलं काहीच मला आधी कळलं नव्हतं, आणि ज्यांना कळतं असं ते म्हणतात त्यांच्यावर विसंबून नाणं घेऊ नये.

एकूण हिशेब असा. सहा नाणी 8,510 डॉलर. त्यावर परतीचं टपाल 41, भिंग आणि दिवा 34, दर्जा तपासणी 118, बाल्टिमोर 96, लॉकरची तीन वर्षं 255, विम्याची दोन वर्षं 140. सगळं मिळून 9,194. आता आईच्या म्हणण्याकडे येते. जुलैत त्याच पहिल्या विक्रेत्याला विचारलं, आज विकली तर काय द्याल? पहिल्या चार नाण्यांना त्याने धातूच्या भावाइतकेच सांगितले, शेवटच्या दोनांना थोडे वर. घेताना कलाकुसरीचे पैसे दिले होते ते विकताना बहुतेक मिळत नाहीत. शिवाय इथे अशा संग्रहाच्या वस्तू वर्षाहून जास्त काळ ठेवून विकल्या तरी नफ्यावर 28 टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, म्हणून प्रत्येक पावती जपा. अडीनडीला मोडायला हवं असेल तर आई म्हणते ते सोनं बरं, किंवा साधी नाणी. प्रूफ नाणं आवडलं तरच घ्यावं.

3 जुलैला नाणं आलं त्या रात्री लॉकरमधली बाकीची पाच आणून ठेवली होती, एका रात्रीपुरती. जेवणाच्या टेबलावर पांढरा पंचा अंथरून सहा पेट्या क्रमाने मांडल्या. सांगलीला सकाळ झाली होती. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मुलीने एकेक पेटी उघडत प्रत्येक ओळ इंग्रजीत वाचली आणि बाबा तिच्या मागोमाग आपला सरनामा म्हणत गेले. ओळी जुळत नव्हत्या, क्रमही वेगळा. शेवटच्या नाण्याच्या विषयात स्वातंत्र्याचं वरदान 'आम्हाला आणि आमच्या पुढच्या पिढ्यांना' असं आहे. ते मुलीने वाचलं तेव्हा बाबांनी चष्मा काढला, आणि मग म्हणाले, "ती डबी पाठवतो तुझ्याकडे. घासलेली आहेत, पण चालतील ना?"

डबी डिसेंबरमध्ये काका येतील त्यांच्याबरोबर येणार आहे. तिच्यासाठी लॉकरमध्ये जागा करून ठेवली आहे.